मला वाटलं, ट्यूनिंग चाललंय

इथे जमलेले सगळे वडीलधारे, दादाच्या ऑफिसातले सोबती, रेडिओवाले मित्र... आणि वहिनी. मी सुनंदा. अकोल्याची. दादाची धाकटी बहीण. आयुष्यभर वर्गात बोलले, पण असं बोलायची वेळ कधी आली नव्हती. सांभाळून घ्या.

दादा पाटबंधारे खात्यात होता, पण जीव सगळा हौशी रेडिओत, घरच्या सेटवरून लांबलांबच्यांशी बोलण्यात. मलाही त्यानंच परीक्षेला बसवलं, लायसन्स काढायला लावलं. तो इथे अमरावतीला, मी तिकडे अकोल्याला. रोज सकाळी मोर्समध्ये, म्हणजे जुन्या तारेच्या त्या कट्ट-कडकट्ट भाषेत, आमचं बोलणं. फोन होता हो घरात! पण दादा म्हणे, "फोनवर तं सारेच बोलतात वं."

रिटायर झाल्यावर त्यानं व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्यांचा, ट्रान्समीटर घरीच बनवायला घेतला. जुन्या कूलरचा पत्रा कापून पेटी केली. कूलरच्या मोटारी भरणाऱ्याकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. व्हॉल्व्ह तिवस्याच्या एका बंद पडलेल्या टॉकीजच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला. मी चिडवायची, "दादा, बाजारात तयार सेट भेटते, काहून जीव काढून राहिला?" तर म्हणे, "तयार पोळ्या बी भेटतात. तू काहून लाटते मंग?"

गेल्या रविवारी सेट पहिल्यांदा सुरू करायचा होता. आदल्या दिवशी फोन आला, "पयला कॉल तुलेच. सकाळी बसून राय."

मी हेडफोन लावून बसले. आला! माझा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं माझं नाव. दादाचाच हात, तो मी कुठेही ओळखते. पुन्हा आला. मग पुन्हा, पण अर्धाच. आणि मग नुसता एक लांब सूर.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मोर्सची की दाबली की सूर वाजतो, सोडली की थांबतो. व्हॉल्व्हचा सेट जुळवायचा असला, की ती की दाबून धरायची आणि बटनं फिरवायची. दादा त्यात फार काटेकोर. नेहमी लांबवायचा. मला वाटलं, ट्यूनिंग करून राहिला.

सूर चालूच. आणि मी काय केलं? हसले मी. आमच्या ह्यांना हाक मारली, म्हटलं, "ऐका, किती साफ सूर काढला दादानं!" ह्यांनीही ऐकला. मी चहा घेतला. मग सूर थरथरला, बारीक बारीक होत गेला. मी म्हटलं, व्हॉल्व्ह तापला वाटते, आता दादा चिडणार.

दादा चिडला नाही. दादा त्या कीवर पालथा पडला होता.

वहिनी वंदनेला विहारात गेल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. साऱ्या दुनियेत त्याची खबर एकट्या मले होती, आणि मी चहा पिऊन राहिली होती.

डॉक्टर म्हणतात, हृदयाचा झटका मोठा होता, कळवलं असतं तरी उपयोग नव्हता. कसं सांगता हो तुम्ही? फोन माझ्या बाजूलाच होता. एक फोन केला असता, तर शेजारचे धावले नसते का? दार तोडलं नसतं का?

आम्हा रेडिओवाल्यांत कुणी गेलं, की त्याची की शांत झाली असं म्हणतात. आत्ता मित्रांनीही तेच म्हटलं. माझ्या भावाची की शांत नाही झाली हो. ती वाजत राहिली. वाजत राहिली. व्हॉल्व्ह जळाला तेव्हा थांबली.

वहिनी, तुम्ही अजून मला काही बोलल्या नाहीत. काल ताटात भाजी वाढली, पाठीवर हात ठेवला. नका ठेवू. शिव्या द्या मला. काही तरी बोला माझ्याशी.

आता आपण सगळे उभे राहू. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. माझ्या कानात तो सूर चालूच आहे, मला शांतता मिळायची नाही. तुम्ही मात्र उभे राहा, माझ्या दादासाठी.

दादा, तू एकटा नव्हता रे. मी ऐकून राहिली होती. शेवटपर्यंत ऐकून राहिली होती. मले समजलंच नाही.

जयभीम, दादा.