लाल पंजे

रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे वडगावच्या दोन विणकर बायका उभ्या होत्या.

"आक्का, उद्या देवळाच्या भिंतीला चुना लावणार हाईत म्हणं."

"आणि पोरांचे पंजे गं, नागू?"

"जाणार की! गल्लीतल्या समद्या पोरांचे हात शाळंच्या मास्तरांनी लुगड्याच्या लाल रंगात बुडवून भिंतीवर उठवलेले. तीस वर्सं झाली बघ."

"माझाबी पंजा हाय त्यात."

"तुझा? तू तर तवा सून हुतीस!"

"व्हय. सासू म्हणली, ही सून हाय, पोर न्हाय. मास्तरांनी माझं वय इचारलं. मी म्हणलं, नऊ."

"मग?"

"मग म्हणले, ही पोरच की! घरी सासूनं राखेनं हात घासला, पर आठ दिस रंग गेला न्हाय."

"लई रडलीस आसशील."

"न्हाय गं. माझी बाटली धर, नागू. चुना लागायच्या आधी त्या पोरीला भेटून येते."