कोर्टात टिकणारा मसुदा

वकिलाच्या बाहेरच्या खोलीत नर्सबाई नोकरी गेल्याची नोटीस पर्समध्ये घेऊन बसल्या होत्या. शेजारी एक ड्रायव्हर आणि एक हेडक्लार्क बोलत होते.

“साहेब, कपातीत तुम्हीसुद्धा?”

“नोटिशीचा मसुदा मीच केला. नावाची जागा कोरी होती. वरून हुकूम आला, कोर्टात टिकला पाहिजे.”

“मग?”

“मग काय, जीव ओतला! सगळ्या खात्यांनी तोच उचलला. आता वकील म्हणतात, बोट ठेवायला जागा नाही.”

“तुम्हाला तरी खोट सापडेल ना?”

“एक सापडलीय. पण सांगायला जीभ रेटत नाही हो. आयुष्यात एवढं चांगलं काही लिहिलं नव्हतं!”

नर्सबाईंनी पर्समधली नोटीस काढून त्यांच्यापुढे धरली.

“काका, थोडी रेटाच.”