दोनदा दाबलं की लागतो

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट बघत बसलेल्या बाईंनी मासिकात डोकं घातलं होतं, पण कान मात्र काउंटरकडे लागले होते. तिथे एक गृहस्थ नवा एअर फिल्टर हातात घेऊन मेकॅनिकशी बोलत होते आणि स्वारी भलतीच खुशीत होती.

“गाडी छोटी, जुनी, पण आता अ‍ॅव्हरेज बघाल तर नव्या गाडीने लाजावं!”

“प्लग बदललेत का?”

“बदलले, टायरमध्ये हवाही नीट भरली. पण खरी मेख मागच्या चाकांत होती. हाताने फिरवून बघितली, तर ब्रेक घासत होते. मग पेट्रोल पिणारच की! काल मीच बसून ढिले केले.”

“किती ढिले?”

“चाक भिंगरीसारखं फिरेपर्यंत.”

“आणि ब्रेक लागतो?”

“लागतो हो. दोनदा दाबलं की लागतो.”

“साहेब, गाडी कुठे आहे?”

“बायको घेऊन गेलीय, धाकटीला शाळेतून आणायला.”

“टेकडीवरच्या शाळेतून?”

“हो. का?”

“दोनदा दाबायचं, हे वहिनींना माहितीये?”

“सांगायचं... राहिलं.”

“अहो, तो उतार केवढा आहे! फोन लावा आधी. आहात तिथेच थांबा म्हणावं.”

बाईंनी मासिक मिटलं.

“वाजतोय. उचलत नाहीये.”

“परत लावा.”

“वाजतोय नुसता. नाही उचलणार ती.”

“का?”

“गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, अशी मीच शपथ घातलीय तिला.”