रिकाम्या जागी माझा नंबर

माझ्या कोडची तारीफ करू नका राव, आधी हे ऐका. तेरखेड्याच्या एका फटाका कारखान्याला मी कामगारांच्या नोंदींचा प्रोग्रॅम करून दिला होता. कुणाला काही झालं की मुकादमानं बटण दाबायचं, त्याच्या घरी मेसेज जायचा. पण ज्याच्या घरी फोनच नाही, त्याच्या नंबराच्या जागी 'नल', म्हणजे रिकामं, यायचं आणि प्रोग्रॅम बंद पडायचा.

मुकादम वैतागला, "सारखं अडतंय बघा, कायतरी करा."

मी एका ओळीत काम उरकलं. नंबर नसेल तर माझा नंबर घे. त्यानंतर प्रोग्रॅम एकदाही अडला नाही. मुकादम खूश, मीपण खूश.

एका सकाळी तिथल्या शांतामावशींचा हात भाजला. मुकादमानं बटण दाबलं. पडद्यावर 'मेसेज पोचला' असं आलं. "घरी कळवलंय," असं बाकीच्या बायांना सांगून तो मावशींना धाराशिवच्या दवाखान्यात घेऊन गेला.

मेसेज पोचला होता, माझ्याकडं. मी येडशीत मेव्हण्याच्या साखरपुड्यात होतो, फोन सायलेंट. दुपारी चारला बघितला आणि तडक मावशींचं घर गाठलं. यजमान त्यांची भाकरी झाकून वाट बघत बसले होते. मी सगळं खरं सांगितलं.

ते चिडले नाहीत. चप्पल घालता घालता एवढंच म्हणाले, "साहेब, कारखाना इथनं दोन शेतं पल्याड हाय. नंबर न्हाय असं दिसलं असतं, तर कुणीबी चालत सांगाया आलं असतं."