लिंबू फ्लेवर, दोन चमचे

(डहाणूतला दातांचा दवाखाना. खुर्चीत वरोरची मासळीवाली चंद्रावती, शेजारी स्टुलावर तिची सून निलम. तपासतायत डॉक्टर रुपल.)

रुपल : मग चिंच? कैरी? लोणचं?

निलम : काहीच नाही, डॉक्टर. आईंना आंबट आवडतच नाही. कालवणातलं कोकमसुद्धा बाजूला काढून ठेवतात.

चंद्रावती : आं... आं...

रुपल : मावशी, तोंडात आरसा आहे, बोलू नका.

चंद्रावती : मग इचारतेस कशाला?

रुपल : तुमच्या सुनेला विचारतेय. निलम, इकडे बघा. समोरचे चार दात. कडा काचेसारख्या झाल्यात, आरपार दिसतंय. दाताच्या वर एक कडक कवच असतं, तेच झिजलंय. असे दात मी सारखं कोल्ड्रिंक पिणाऱ्या कॉलेजच्या मुलांचे बघते. छप्पन वर्षांच्या मावशींचे पहिल्यांदा बघतेय.

चंद्रावती : मी कालेजात गेली नाय.

निलम : गार पाणी लागलं तरी कळ जाते हो त्यांना. परवा पेरूची फोड चावली आणि डोळ्यांत पाणी आलं.

चंद्रावती : पेरूच कडक होता.

रुपल : बरं, बाजारात दिवसभर काय पिता?

चंद्रावती : पाणी.

निलम : हो, पाणीच. हिरवी बाटली नेतात. आधी नेत नव्हत्या, गणपतीनंतर न्यायला लागल्या. मला बरं वाटलं, म्हटलं पाणी तरी पोटात जातंय.

रुपल : आहे का आत्ता ती बाटली?

निलम : ह्या पिशवीत आहे.

चंद्रावती : निलम, पिशवी उघडू नको. मासळीचा वास मारील, डॉक्टरबायला सोसायचा नाय.

रुपल : मी दिवसभर लोकांच्या तोंडात नाक घालून बसते, मावशी. उघडा हो निलम.

निलम : हे घ्या... अगो बाई. ह्याला लिंबाचा वास येतोय.

रुपल : आणि तळाला पावडर. मावशी, हे काय आहे?

चंद्रावती : सरबत.

रुपल : सरबताला असा फेस येत नाही. हे प्रोटीन आहे. माझा नवरा पितो, मला वासानं कळतं.

निलम : प्रोटीन? थांबा. लिंबू फ्लेवर? आई, हा ह्यांचा डबा! ह्यांचा जिमचा डबा!

चंद्रावती : पुऱ्या डब्यावर माझ्या पोराचं, रव्याचं नाव लिवलंय का?

निलम : लिहिलंय! दसऱ्याला त्यांनी मार्करनं लिहिलं, आणि पावडर कुठवर आहे तिथं रेघ मारली!

चंद्रावती : ती रेघ मला दिसली. म्हणून मग मी वरून थोडं बेसन टाकायची.

रुपल : बेसन?

चंद्रावती : रंग तोच असतो गो.

निलम : तरीच ते म्हणत होते, कंपनी फसवते, गुठळ्या होतात!

रुपल : मावशी, नीट सांगा. एका वेळी पिऊन टाकता, की थोडं थोडं?

चंद्रावती : थोडं थोडं. सकाळी सहाला पाटी मांडली की एक घोट. गिऱ्हाईक गेलं की एक घोट. दुपारी एकपर्यंत पुरवते.

रुपल : आणि दात कधी घासता?

चंद्रावती : मधे मधे, मशेरीनं. घोट घेतला की लगेच. कोणाला लिंबाचा वास येऊ नाय म्हणून चांगला जोर लावून घासते.

रुपल : अरे देवा. ऐका. हे आंबट आहे. आंबट लागलं की दाताचं कवच थोडा वेळ मऊ पडतं. मग लाळ त्याला हळूहळू सावरते. तुम्ही तिला सावरायला वेळच देत नाही, सात तास घोट घोट चालूच. वर, मऊ पडलेल्या कवचावर मशेरी. म्हणजे ओल्या भिंतीवर काथ्या घासायचा.

चंद्रावती : परत येईल का ते कवच?

रुपल : गेलेलं येत नाही. राहिलेलं वाचवू. आज मी एक लेप लावते. मशेरी बंद. काही आंबट प्यायलात तर एकदाच पिऊन टाकायचं, साध्या पाण्यानं चूळ भरायची, आणि तासभर ब्रश लावायचा नाही. पण मला एक कळत नाही. तुम्ही बाजारात पाटीभर प्रोटीन विकता, आणि घरी डब्यातलं चोरून पिता?

चंद्रावती : मासळीत असतं ते?

रुपल : भरपूर!

चंद्रावती : मग सांगायचं ना कोणीतरी. डब्यावर तो दंडवाला माणूस होता. सुरमईवर कोणाचा फोटो असतो?

रुपल : पण ताकद आली का?

चंद्रावती : आली ना. गेल्या सोमवारी बाजारातल्या जागेवरून बाजूच्या पाटीवाल्या चिमीशी भांडली. दोन तास. दमली नाय.

निलम : हसू नका, डॉक्टर. आई, मला एक सांगा. डबा कमी होतोय म्हणून ह्यांनी मला काय विचारलं, माहितीय ना तुम्हाला? ‘तुझा दिपक येऊन गेला का?’ दर वेळी हेच. शेवटी मीच माझ्या भावाला सांगितलं, थोडे दिवस येऊ नकोस. भाऊबीजेला तो रानशेतहून आला नाही. मी दुपारपर्यंत ताट तयार ठेवून बसले. तुम्ही समोर होतात. म्हणालात, ‘काम असेल गो त्याला.’

चंद्रावती : ती बाटली ठेव आधी पिशवीत.

निलम : बोला ना.

चंद्रावती : काय बोलू. रव्या फोनवर बोलत होता, मी ऐकलं. ‘आईला आता टेम्पोतनं पाटी उतरवत नाय, पुढल्या वर्षी तिला घरी बसवतो.’ सतरा वर्सांची असल्यापासनं मी त्या जागेवर बसते, निलम. घरी बसून काय करू? भिंतीला मासळी विकू? म्हटलं, डब्यानं पोराचे दंड फुगले, माझे थोडे फुगतील. तुझ्या भावावर जाईल असं नव्हतं वाटलं. आणि गेलं तेव्हा तोंड उघडायला भ्याली.

निलम : मला सांगायचं होतंत. पाटीला दुसरी बाजू मी धरली असती.

चंद्रावती : तुला माशाचा वास सोसत नाय.

निलम : सात वर्षं झाली लग्नाला. सोसतो आता.

रुपल : मावशी, आ करा. लेप लावते. अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही.

निलम : आणि घरी गेल्यावर ह्यांना तुम्हीच सांगायचं. मी मधे पडणार नाही.

चंद्रावती : सांगते. बेसनाचं पण सांगते. झालं का, डॉक्टरबाय? मग निलम, आधी तुझा मोबाईल दे. तुझ्या भावाला लाव.

निलम : आत्ता? इथून?

चंद्रावती : घरी गेली की माझी हिंमत जाईल. लाव... हॅलो, दिपक? मी निलमची सासू. नाय रे बाबा, सगळे बरे हायत. तू ऐक. ती पावडर मी पीत होती. मी! ...हसतोस काय? ...हो, ह्या वयात. रव्याला मी सांगते. तू रविवारी ये. नाय, तुझं काय चुकलं नाय, चुकलं माझं. ...ऐकू येतंय का?

निलम : काय म्हणतोय?

चंद्रावती : थांब गो, ऐकू दे.

निलम : चिडलाय?

चंद्रावती : नाय. विचारतोय, भाऊबीजेला निलम जेवली का.