मंजूचे सोमवार

लातूरच्या दवाखान्यात केमोसाठी नंबर लावून बसलेल्या सिंधूला मांडीवरच्या डब्याकडं बघवत नव्हतं. पाठीमागच्या बाकावर कुणा सासूसुनेचं चाललं होतं, तिकडं मात्र कान आपोआप लागले.

“मंजू, धिरडं खा. मुगाचं हाय. दही बी आणलंय.”

“आत्या, आज सोमवार.”

“मग?”

“महादेवाला बोललेय मी. छातीची गाठ जाईपर्यंत सोमवार धरीन म्हणून.”

“आन् डॉक्टर काय म्हणले? गाठ आतून पसरलीय, अंगावरचं मांस झडायलंय. पोटात काही गेलं न्हाई तर पुढची सुई सोसायची न्हाई.”

“मग नवस मोडू का?”

“मोडू नको. मला दे. सकाळीच देवळात सांगून आले, आजपासून मंजूचे सोमवार ही नागम्मा धरणार.”

“तुम्हाला शुगर हाय, आत्या!”

“संध्याकाळी सोडते की.”

“कशावर सोडणार? तुमची भाकरी तव्यावर जायच्या आधीच फाटती.”

“म्हणून तर तुझ्या हातची पाहिजे मला. पातळ, टम्म फुगलेली. लई दिवस झाले.”

“मला परात बी उचलत न्हाई आता.”

“माहीत हाय. तवर ताकावर सोडीन.”

“आन् असं कवर चालायचं, आत्या?”

पाठीमागं डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. सिंधूनं मान वळवली नाही.

“दही लावून देऊ का?”

“लावा.”