लोळण्याचा नाच

तुला सांगते, आजही आठवलं की डोकं फिरतं. शो आठवड्यावर आलेला. कांदिवलीला आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्या नव्या नाचाची तालीम चालली होती. आम्ही सगळ्या जमिनीवर लोळत होतो आणि सेक्रेटरी सानेकाकांनी येऊन म्युझिकच बंद केलं.

“बायकांनी असं लोळायचं? याला नाच म्हणतात?”

“हो, म्हणतात! आख्खं आयुष्य घातलंय मी यात!” मी ओरडलेच.

“उद्यापासून हॉल मिळणार नाही.”

तेवढ्यात दारातून त्यांची बायको कडाडली, “अहो, पोराच्या वरातीत नागीण होऊन भर रस्त्यात कोण लोळलं होतं?”

तरी हॉल दिलाच नाही मेल्याने. मग शोपर्यंत आम्ही गच्चीवर लोळलो, बरोब्बर त्याच्या बेडरूमच्या वर!